बर्फावरील मापाडी

‘हँडिकॅप’ हा शब्द आपणांपैकी बहुतेकांच्या कानांवर प्रथम पडला असेल तो घोड्यांच्या शर्यतींच्या संदर्भात. पुणे, मुंबई किंवा हैदराबाद येथील शर्यतींचे वृत्त ज्यांनी कधी कुतूहलाने चाळले असेल, त्यांना हे ठाऊक आहे की, तेथे सगळे घोडे सारखे ओझे घेऊन धावत नाहीत. जो घोडा अधिक वेगवान, त्याच्या पाठीवर अधिक वजन. जो मंद, त्याला सवलत. हेतू हा की, बलाबल समतोल व्हावे, आणि अखेरच्या खांबापाशी सगळे घोडे शक्य तितके बरोबरीने यावेत. म्हणजे येथे हँडिकॅप हे बलवानाच्या पाठीवर मुद्दाम लादलेले ओझे आहे.

आज मी आपणांस एका निराळ्या हँडिकॅपची ओळख करून देणार आहे. तो कोणाच्याही पाठीवर काही लादत नाही, कोणालाही सवलत देत नाही, कोणालाही मागे ओढत नाही. तो केवळ मोजतो. हा हँडिकॅप आहे बर्फावरून घसरत जाण्याच्या शर्यतींमधला, आणि तोही नामवंत वीरांच्या शर्यतींतला नव्हे, तर सुटीच्या दिवशी हौसेने डोंगरावर जाणाऱ्या सामान्य माणसांच्या शर्यतींतला. आपल्याकडे हिमालयाचा पायथा सोडला तर या खेळाचा अनुभव घेणारे थोडेच. तथापि या हौशी शर्यतींतून मोजमापाचा जो विचार पुढे आला, तो केवळ बर्फापुरता नाही, असे मला वाटते. आणि म्हणूनच तो आपणांपुढे मांडण्याचे धाडस करीत आहे.

प्रथम खेळाचे स्वरूप थोडक्यात सांगतो. पायांना दोन लांब, अरुंद फळ्या बांधून बर्फाच्छादित उतारावरून घसरत जावयाचे, याला स्कीइंग म्हणतात. उतरणीच्या शर्यतींचा आजचा घाट घडविण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे, ते सर अर्नोल्ड लन हे गृहस्थ १८८८ साली आपल्या मद्रासेस जन्मले होते. त्यांच्या प्रयत्नाने १९११ साली स्वित्झर्लंडमधील मोंताना येथे एक शर्यत झाली. तिच्या चषकाला नाव होते लॉर्ड रॉबर्ट्स ऑफ कंदाहार यांचे. तेच लॉर्ड रॉबर्ट्स, जे कानपुरात जन्मले आणि पुढे हिंदुस्थानच्या फौजेचे सरसेनापती झाले. डोंगरमाथ्यावरील हिमनदीपासून खालच्या गावापर्यंत यावयाचे, आणि जो आधी पोहोचेल तो पहिला, असा साधा सरळ मामला. पुढे १९२२ साली म्युरेन येथे लन यांनी उतारावर दांड्यांच्या जोड्या रोवून द्वारे तयार केली आणि त्या द्वारांतून वळणे घेत, घड्याळ लावून उतरण्याची शर्यत घेतली. आजची स्लॅलम ती हीच. द्वारांमधील अंतर वाढवून, वळणे लांबट करून जी शर्यत होते तिला जायंट स्लॅलम म्हणतात. हौशी शर्यती बहुधा या दुसऱ्या प्रकारच्या, आणि त्याही सोप्या केलेल्या असतात. वरून खाली यावयास अर्धे मिनिट लागते, कधी थोडे कमी, कधी थोडे अधिक.

येथवर सारे सोपे आहे. अडचण पुढेच सुरू होते. समजा, एका गृहस्थाने रविवारी एका डोंगरावर छत्तीस सेकंदांत उतार संपवला. हे छत्तीस सेकंद चांगले की वाईट? तो दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरला, आणि त्याला सत्तेचाळीस सेकंद लागले. त्याचा खेळ बिघडला काय? शंभर मैलांवरच्या दुसऱ्या डोंगरावर त्याचा मित्र तीस सेकंदांत उतरला. तो मित्र याच्याहून सरस काय? धावपटूच्या बाबतीत हे प्रश्न पडत नाहीत. शंभर मीटर म्हणजे शंभर मीटर. इंदूरला काय आणि बेळगावला काय, अंतर तेच. परंतु डोंगराचे तसे नाही. एक उतार लांब, दुसरा आखूड. एक तीव्र, दुसरा सौम्य. एकाच डोंगरावर सकाळचा बर्फ दगडासारखा कठीण, तर दुपारी तोच उन्हाने पाझरून मऊ झालेला. रात्री दांड्या उपटून दुसऱ्या दिवशी नव्या जागी रोवल्या की, शर्यतीचा मार्गच बदलला. घड्याळ खोटे बोलत नाही हे खरे. पण ते सांगते ते एवढेच की, या क्षणी, या जागी, इतका वेळ लागला. त्याचा अर्थ ते सांगत नाही.

संस्थानी काळाची आठवण ज्यांच्या घरांत अजून सांगितली जाते, त्यांना ही अडचण चटकन उमजेल. हैदराबादेस हाली सिक्का चाले, बडोद्यास बाबाशाही रुपया, आणि इंग्रजी मुलखात कलदार. खिशात शंभर रुपये आहेत, एवढे सांगून भागत नसे. कोणते शंभर, हे सांगावे लागे. एका नाण्याचे दुसऱ्यात रूपांतर करावयाचे तर सराफाकडे जावे, बट्टा द्यावा, तेव्हा खरी किंमत कळे. हालीचे सात रुपये म्हणजे कलदार सहा, हा हिशेब हैदराबादी माणसाच्या तोंडी असे. बर्फाच्या डोंगरांचे नेमके असेच आहे. प्रत्येक डोंगराचे सेकंद हे त्या डोंगराचे स्वतःचे नाणे. मग या नाण्यांचा बट्टा ठरवणारा सराफ कोण?

या प्रश्नाचे उत्तर प्रथम फ्रान्समध्ये सापडले. तेथील स्की-शिक्षकांच्या संस्थेने हौशी लोकांसाठी परीक्षा-शर्यती सुरू केल्या. त्यांतील एकीचे नाव ‘शामवा’, म्हणजे आल्प्स पर्वतातील चपळ हरिणवर्गी प्राणी. आणि दुसरीचे ‘फ्लेश’, म्हणजे बाण. या शर्यतींत उमेदवारांच्या आधी त्या गावचा एक शिक्षक उतरतो. त्याच्या वेळेवरून सर्वांचे मोजमाप होते. परंतु गावोगावचे शिक्षक सारख्याच तोडीचे कसे असतील? म्हणून हंगामाच्या प्रारंभी या शिक्षकांचीच परीक्षा घेतात आणि प्रत्येकाला एक गुणक ठरवून देतात. आपल्या बाजारपेठांत वजनमापे तपासून त्यांवर सरकारी शिक्का मारतात ना, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच की, येथे शिक्का बसतो तो जिवंत माणसावर.

अमेरिकेत ‘स्की’ या मासिकाचे संपादक जॉन फ्राय यांनी ही कल्पना उचलली आणि तिला व्यापक रूप दिले. गोल्फच्या खेळाडूला ‘पार’ असतो; म्हणजे एखाद्या मैदानावर कुशल खेळाडूला किती टोले लागावेत याचा ठरलेला आकडा. त्या आकड्याशी ताडून सामान्य खेळाडूही आपली पायरी ओळखतो. स्कीइंग करणाऱ्या लाखो लोकांना असा आधार नव्हता. तो त्यांना मिळावा म्हणून १९६८ साली ‘नॅशनल स्टँडर्ड रेस’, अर्थात ‘नॅस्टार’, या शर्यतींचा आरंभ झाला. पहिल्या हिवाळ्यात थोड्याच डोंगरांवर सुरू झालेला हा उपक्रम पुढे अमेरिकाभर पसरला, आणि आजही चालू आहे.

नॅस्टारमधील त्या आधी उतरणाऱ्या माणसाला ‘पेससेटर’ म्हणतात. धान्याच्या बाजारात माप घेऊन बसणारा मापाडी आपणांस परिचित आहे. मी या माणसाला मापाडीच म्हणतो. हंगामाच्या सुरुवातीस हे मापाडी एकत्र येतात आणि राष्ट्रीय पातळीवरच्या एखाद्या अव्वल स्कीपटूशी, अथवा त्याच्याशी ताडून पाहिलेल्या मापाड्याशी, आपली वेळ ताडून घेतात. त्या अव्वल माणसाचा हँडिकॅप शून्य. एखादा मापाडी त्याच्यापेक्षा शेकडा पाच मंद ठरला, तर त्याचा हँडिकॅप पाच. हे पाच बरोबर घेऊन तो आपल्या गावी परततो, आणि हंगामभर त्या डोंगरावरील सर्वांचे माप त्यावरून होते.

आता थोडे गणित करू. घाबरण्याचे कारण नाही, ते शाळेतल्या शेकडेवारीपलीकडचे नाही. समजा, रविवारी हा पाच हँडिकॅपचा मापाडी ३१.५० सेकंदांत खाली आला. तो अव्वल माणसाहून शेकडा पाच मंद आहे. म्हणजे अव्वल माणूस त्या दिवशी तेथे असता, तर तो ३० सेकंदांत उतरला असता. कारण ३० चे शेकडा पाच दीड, आणि ३० अधिक दीड म्हणजे ३१.५०. हे ३० सेकंद त्या दिवसाची आदर्श वेळ. आपले गृहस्थ ३६ सेकंदांत आले. आदर्श वेळेपेक्षा सहा सेकंद अधिक. ३० वर ६ म्हणजे शेकडा वीस. त्यांचा हँडिकॅप झाला वीस.

कोणी म्हणेल, एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? गृहस्थ मापाड्यापेक्षा किती टक्के मागे ते काढावे, त्यात मापाड्याचे पाच मिळवावे, की झाले. तसे करून पाहा. ३१.५० वर साडेचार सेकंद म्हणजे सुमारे शेकडा १४.३, त्यात पाच मिळवले की १९.३ होतात, वीस होत नाहीत. उरलेले गेले कोठे? चक्रवाढ व्याजाचा हिशेब ज्यांनी केला आहे, ते हसतील. टक्क्यांवर टक्के चढले की, त्यांची नुसती बेरीज चालत नाही. व्याजावरही व्याज लागते.

दुसऱ्या दिवशी ताजा बर्फ पडला आणि मार्गही लांबवला. तोच मापाडी ४२ सेकंदांत आला. आदर्श वेळ झाली ४० सेकंद. आपल्या गृहस्थांना लागले ४७.६० सेकंद. घड्याळाकडे पाहून ते कदाचित खिन्न झाले असते. कालच्यापेक्षा साडेअकरा सेकंदांहून अधिक! परंतु हिशेब सांगतो की, ४० वर ७.६० म्हणजे शेकडा एकोणीस. त्यांचा हँडिकॅप विसावरून एकोणीसावर आला. ते सुधारले आहेत. घड्याळाने जे दडवून ठेवले होते, ते मापाने उघड केले.

हँडिकॅप आणि क्रमांक या दोन गोष्टींतला भेद येथे नीट लक्षात घेतला पाहिजे. क्रमांक सांगतो की, जमलेल्या मंडळींत तुम्ही कितवे. तो जमलेल्या मंडळींवर अवलंबून असतो. आज चांगले खेळाडू आले नाहीत तर तुम्ही पहिले, उद्या ते आले तर तुम्ही विसावे. तुमच्यात मात्र तिळमात्र फरक पडलेला नसतो. हँडिकॅप सांगतो की, एका स्थिर बिंदूपासून तुम्ही किती दूर आहात. शर्यतीत तुम्ही एकटेच असलात तरी हँडिकॅप निघतो. क्रमांकाच्या जगात दुसरा मागे पडल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. हँडिकॅपच्या जगात त्या दिवशी उतरलेले सगळेच्या सगळे सुधारू शकतात, आणि कोणाचेही काही कमी होत नाही.

नॅस्टारने दोन्ही गोष्टी ठेवल्या आहेत. हँडिकॅपवरून प्लॅटिनम, सुवर्ण, रौप्य आणि कांस्य अशी पदके मिळतात. परंतु कोणते पदक किती हँडिकॅपला, हे वय आणि स्त्री-पुरुष यांप्रमाणे निरनिराळे ठरलेले असते. कुस्तीच्या फडात जसे वजनाचे गट, तसे येथे वयाचे. पंचविशीतल्या तरुणाला ज्या हँडिकॅपवर खालचेच पदक मिळेल, त्यावर सत्तरीतल्या आजोबांना वरचे मिळू शकते. यात दया नाही. आजोबांचा हँडिकॅप लपवलेला नसतो, तो कमी करूनही लिहिलेला नसतो. आकडा सर्वांसाठी एकाच पट्टीने काढलेला असतो. बदलते ती केवळ अपेक्षा. पुन्हा, हंगामातील चांगल्या फेऱ्यांवरून प्रत्येक वयोगटाची राज्यवार आणि देशभरची क्रमवारी लागते, आणि त्यांतून अखेरच्या राष्ट्रीय स्पर्धेला जाणारे निवडले जातात. म्हणजे ज्याला स्वतःशी स्पर्धा करावयाची आहे त्याला हँडिकॅप आहे, आणि ज्याला शेजाऱ्याशी करावयाची आहे त्याला क्रमांक.

आतापर्यंत मी या पद्धतीची वाखाणणी केली. आता तिच्या दुखऱ्या जागी बोट ठेवतो. कारण कोणत्याही मापाची खरी परीक्षा ते कोठे चुकते यावरून होते.

समजा, त्या रविवारी आपला मापाडी दमलेला होता, किंवा त्याने फारसे मनावर घेतले नाही, आणि तो ३१.५० ऐवजी ३३ सेकंदांत आला. आदर्श वेळ आता ३० राहिली नाही, ती ३१.४३ झाली. आपले गृहस्थ तेच, त्यांचे ३६ सेकंद तेच. पण हँडिकॅप मात्र विसाऐवजी साडेचौदा! मापाड्याचा आळस केवळ दीड सेकंदाचा, परंतु आपल्या गृहस्थांच्या पदरात सुमारे साडेपाच अंकांचे, आणि त्या दिवशी उतरलेल्या प्रत्येकाच्या पदरात कमीअधिक असेच, फुकटचे पुण्य पडले. कित्येकांना त्या दिवशी वरचे पदक मिळेल, घरी आनंद होईल, आणि कोणाचीही तक्रार येणार नाही. हेच त्यातले भय आहे. माप खोटे झाल्याने ज्याचे नुकसान होते तो ओरडतो. पण ज्या खोट्या मापाने सर्वांचाच फायदा होतो, त्याविरुद्ध कोण ओरडणार? गवयाच्या मागे तानपुरा उतरलेला असला, तर सारी मैफल त्या उतरलेल्या स्वरात रंगते, आणि बेसूर कोणालाच जाणवत नाही. दुसऱ्या गावचा जाणकार आला म्हणजे मगच ते उघडकीस येते.

म्हणूनच मापाड्याचे काम दिसते तितके सोपे नाही. त्याला जिंकावयाचे नसते. त्याच्यासाठी टाळ्या नसतात, पदक नसते. त्याने एवढेच करावयाचे की, रोज, रिकाम्या उतारावरही, आपल्या पूर्ण ताकदीने उतरावयाचे. एका दिवसात एकाहून अधिक मापाडी उतरविण्याची सोय असते, म्हणजे एकाच्या चुकीचा भार सर्वांवर पडत नाही. परंतु सोयींनी चूक आटोक्यात राहते. प्रामाणिकपणाची जागा त्यांना घेता येत नाही.

मोहाचे आणखी एक रूप पाहण्यासारखे आहे. गोल्फमध्ये हँडिकॅप म्हणजे सवलत; ज्याचा हँडिकॅप मोठा, त्याच्या टोल्यांतून तितके वजा होतात. साहजिकच तेथे मोह होतो तो आपण आहोत त्याहून कच्चे दिसण्याचा. मुद्दाम वाईट खेळून हँडिकॅप वाढवून ठेवावा, आणि मोक्याच्या दिवशी बाजी मारावी, ही त्या खेळातील जुनी दुखण्याची जागा. २०२० पासून लागू झालेल्या जागतिक पद्धतीत शेवटच्या वीस फेऱ्यांतील सर्वोत्तम आठच हिशेबात घेतात. म्हणजे मुद्दाम बिघडवलेल्या फेऱ्या बाजूला पडतात. नॅस्टारमध्ये हँडिकॅप हीच फलश्रुती असल्याने कच्चे दिसून कोणाचा लाभ नाही. तेथला मोह उलटा: जेथे उतार सौम्य आणि मार्ग सरळ, तेथे जाऊन उतरावे. कारण अशा मार्गावर पृथ्वीचे आकर्षणच बहुतेक काम करते. वळण्याचे कौशल्य दाखवावयास वाव नसतो, आणि उस्ताद व नवशिक्या यांच्यातील अंतर आपोआप आवळून येते. मापाडी प्रामाणिक असूनही तेथे हँडिकॅप स्वस्त मिळतो. शेकडेवारी सर्व उतारांवर सारख्याच वजनाची नसते, ही या पद्धतीची अंगभूत मर्यादा आहे.

ही मर्यादा आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने फार पूर्वी ओळखली आहे. १९२४ साली स्थापन झालेल्या या महासंघाची गुणपद्धती व्यावसायिक तोडीच्या खेळाडूंसाठी आहे. पण तिचे मूळ तत्त्व हेच, विजेत्याच्या मागे शेकडा किती. मात्र ती शेकडेवारी प्रत्येक शर्यत-प्रकारासाठी वेगळ्या अंकाने गुणतात. अलीकडच्या हंगामांत स्लॅलमसाठी हा अंक ७३०, जायंट स्लॅलमसाठी १०१०, आणि सरळ वेगवान उतरणीसाठी १२५० असा राहिला आहे. म्हणजे शेकडा एक मागे राहिल्याबद्दल वळणावळणांच्या स्लॅलममध्ये ७.३ गुण बसतात, तर सरळ उतरणीत १२.५, कारण सरळ उतरणीत शेकडा एकाचे अंतर पडणे हीच मोठी गोष्ट असते. येथेही गुण जितके कमी तितके चांगले. जगातील अग्रगण्य खेळाडू शून्याच्या आसपास असतात. आणि खेळाडूच्या नावावर धरतात ते बारा महिन्यांतील त्याच्या सर्वोत्तम दोन निकालांची सरासरी. या खेळात माणूस पडतो, एखादे द्वार चुकते, आणि त्या दिवसाची वेळ निरर्थक होते. अशा दिवसांची सरासरी काढून त्याची योग्यता ठरवणे म्हणजे अन्यायच.

परंतु या पद्धतीतील खरी मार्मिक गोष्ट पुढेच आहे. येथे मापाडी नाही. विजेत्याच्याच वेळेवरून सर्वांचे माप होते. मग विजेता स्वतःच सामान्य असला तर? आपल्याकडे म्हणतात ना, वासरांत लंगडी गाय शहाणी! महासंघाने या म्हणीचे जणू गणितच केले आहे. प्रत्येक शर्यतीत प्रत्यक्ष उतरलेल्या आणि पहिल्या दहांत आलेल्या खेळाडूंपैकी सर्वोत्तम पाच-पाच जणांचे आधीचे गुण पाहून एक भार काढतात, आणि तो सर्वांच्या गुणांत मिळवतात. मैदान तगडे असेल तर भार हलका. मैदान दुबळे असेल तर भार जड. त्यामुळे वासरांच्या कळपात पहिला आलेला आणि उस्तादांत तिसावा आलेला, यांची तुलना होऊ शकते.

ही तुलना न्याय्य आहे. पण न्याय्य गोष्टही सर्वांना सारखी सोपी नसते. गुलमर्गच्या परिसरात वाढलेला आरिफ खान २०२२ साली बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू होता. जायंट स्लॅलममध्ये तो पंचेचाळिसावा आला. तेथवर पोहोचावयास गुणांची एक मर्यादा ओलांडावी लागते. जेथे वरच्या श्रेणीचे खेळाडू उतरत नाहीत, तेथे घरच्या उतारावर कितीही वेळा पहिले येऊन ते गुण पुरेसे खाली येत नाहीत. कारण भार जड. मग परदेशी जावे, तगड्या मैदानात उतरावे, मागे पडावे, आणि मागे पडूनच आपला आकडा सुधारावा. खर्च, प्रवास, मुक्काम, सारे स्वतः सोसावे. वर्तमानपत्रात छापून आलेला ‘पंचेचाळिसावा’ हा क्रमांक वाचून ज्यांनी पान उलटले असेल, त्यांना त्या क्रमांकामागील मार्ग दिसला नसेल. क्रमांकाची हीच उणीव आहे. तो माणसाची जागा सांगतो, त्याने कापलेले अंतर सांगत नाही.

अखेरीस, नॅस्टारच्या आरंभी ज्याच्या वेळेला शून्य मानले, त्या माणसाविषयी दोन शब्द. त्याचे नाव जिमी ह्यूगा. १९६४ साली इन्सब्रुक येथील ऑलिंपिकमध्ये स्लॅलम शर्यतीत बिली किडने रौप्य आणि ह्यूगाने कांस्य पदक मिळवले. उतरणीच्या शर्यतींत अमेरिकन पुरुषांनी मिळवलेली ही पहिलीच ऑलिंपिक पदके. असा हा वीर नॅस्टारचा पहिला राष्ट्रीय मापाडी झाला. देशभरच्या हौशी लोकांचे अंतर त्याच्यापासून मोजले जाऊ लागले. आणि १९७० साली, ऐन तारुण्यात, त्याला मल्टिपल स्क्लेरॉसिस हा मज्जातंतूंचा रोग असल्याचे निदान झाले. त्या काळी वैद्यांचा सल्ला असे की, अशा रोग्याने श्रम टाळावेत, विश्रांती घ्यावी. ह्यूगाने काही काळ तसे केले. मग त्याला वाटले की, या विश्रांतीने आपले शरीर आणि मन दोन्ही खचत चालले आहे. त्याने हळूहळू, झेपेल तेवढा व्यायाम सुरू केला. आणि १९८४ साली कोलोरॅडोत आपल्यासारख्या रुग्णांसाठी एक केंद्र काढले. रोग बरा होणार नाही, हे मान्य करून त्यातल्या त्यात आपली प्रकृती शक्य तितकी सुदृढ कशी राखावी, हे शिकवणारे. २०१० साली तो वारला.

जो एके काळी सर्वांचा शून्य होता, त्याला पुढे स्वतःच्या जुन्या वेळेशी ताडून पाहण्यात अर्थ उरला नव्हता. त्याला आपली आदर्श वेळ नव्याने ठरवावी लागली. पंचविशीतल्या तरुणाची पट्टी सत्तरीतल्या आजोबांना लावू नये, हे जे नॅस्टारच्या वयोगटांत आकड्यांनी लिहिले आहे, तेच त्याने आपल्या आयुष्यात केले: आकडा खरा ठेवला, अपेक्षा मात्र देहाला शोभेल अशी धरली.

श्रोतेहो, आपण बर्फावर जाऊ अथवा न जाऊ. आपली मुले शाळेत जातात, निकालाच्या दिवशी कागद घेऊन घरी येतात, आणि आपण त्यांना पहिला प्रश्न विचारतो, ‘कितवा आलास?’ हा प्रश्न विचारू नये असे मी म्हणत नाही. जगात क्रमांकाने दारे उघडतात, हे खरेच आहे. परंतु त्यासोबत आणखी एक प्रश्न विचारावा: मागच्या वेळेपेक्षा किती पुढे आलास? आणि तो विचारताना आपल्या हातातले माप खरे आहे ना, याचीही खात्री करून घ्यावी. कारण घरोघरी मापाडी आपणच असतो.